स्टिअरिंग डावीकडेच

नेरूरकर काकांच्या घरी श्रीखंडाचा डबा दिसला तर उघडू नका. मी उघडला होता. आत रॉकेलमध्ये बुडवलेले नट-बोल्ट! "सेक्रेटरीबाई, झाकण लावा," काका म्हणाले, "गंज सुटतोय, त्याला डिस्टर्ब नका करू."

आमच्या मुलुंडच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. म्हणजे पाण्याची टाकी, कबुतरं आणि नेरूरकर ही तिन्ही खाती माझ्याकडे.

काकांची बायको, नलूकाकू. तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आणि पुढच्या काही महिन्यांत या माणसाने आपली चांगली चालती गाडी विकून दुसऱ्या महायुद्धातली मिलिटरीची जीप आणली. आणली म्हणजे टेम्पोतून उतरवली. चाकं होती, बाकी सगळा गंज. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं अख्खी सोसायटी म्हणाली. मीही म्हटलं, खोटं कशाला बोलू!

"काका, तुम्ही आर्मीत होता का?" कोणीतरी विचारलं.

"मी विम्यात. आर्मीत ही जीप होती."

त्यानंतर दोन-तीन वर्षं दिवसभर काकांचं डोकं बॉनेटखाली. पितळी पार्ट चिंचेने घासायचे, एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात भिजत घालायचे. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत काकूची व्हीलचेअर. एकेक पार्ट चकाचक झाला की खालून हात उंच करून दाखवायचे, "नलू, ह्यो बघ गो कार्बोरेटर!" काकू नुसती बघायची.

पण पार्किंग म्हणजे आमच्याकडे जीव की प्राण. जनरल मीटिंगमध्ये मेहता उखडले, "माझी नवीन गाडी रस्त्यावर आणि यांचं भंगार आत?" ठराव झाला. दसऱ्यापर्यंत जीप स्वतःच्या चाकांवर चालली नाही, तर भंगारवाला बोलवायचा.

इंजिन तसं जुळत आलं होतं. अडलं ते स्टिअरिंगवर. मूळ जीपचं स्टिअरिंग डावीकडे, आणि त्याचा गिअरबॉक्स, म्हणजे चाकं वळवणारी पेटी, गंजाने पार खाल्लेला. मेकॅनिक म्हणाला, "काका, उजवीकडचा सेट कुर्ल्याला उद्या मिळतो. आपल्याकडे सगळे उजवीकडेच करून घेतात. डावीकडचा शोधत बसलात, तर दसरा गेला."

"डावीकडेच राहील."

माझं डोकंच सटकलं. "काका, हट्टापायी गाडी जाईल ना तुमची!"

"जाऊ दे. उजवीकडे करून मला काय उपयोग?"

ओरिजिनलचं खूळ, दुसरं काय! मी हात जोडले.

काकांनी मग सगळी उपनगरं पालथी घातली. शेवटी गोराईत एका वाडीत जुन्या जीपचा सांगाडा सापडला, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लावलेला. त्यातून तो गिअरबॉक्स सोडवून, होडीतून मांडीवर ठेवून घरी आणला. पुढे आठवडाभर जिन्यात कोंबड्यांचा वास.

दसरा उजाडला. सगळ्यांच्या गाड्या धुतल्या, झेंडूचे हार चढले, चाकांखाली लिंबं गेली. काकांचं लिंबू दरवर्षी टायरखाली तसंच वाळायचं, कारण जीप हलायचीच नाही. या वेळी काकांनी चावी फिरवली, स्टार्टर दाबला. घर्र... गप्प. परत घर्र... भक्कन काळा धूर निघाला आणि जीप सुरू झाली! लिंबाचा चेंदामेंदा. टाळ्या कोणी वाजवल्या? मेहतांनी.

मला वाटलं, आता काका ऐटीत राउंड मारणार. पण त्यांनी जीप हळूहळू लिफ्टच्या दाराशी आणून उभी केली. इंजिन चालूच ठेवलं, कारण बंद केलं तर परत सुरू होईल याची खात्री नव्हती.

"सेक्रेटरीबाई, नलूला खाली आणता? तयार बसलीय."

काकू खरंच तयार होती. नवी साडी, केसात गजरा. मी खुर्ची जीपच्या उजव्या बाजूला लावली. काकांनी तिला मागून आधार देऊन उभं केलं. "चढ गो, चढ." काकूने डाव्या हाताने समोरचा दांडा धरला, डावा पाय आत टाकला, आणि काकांनी जरासं उचलताच पुढच्या सीटवर बसली.

"इतर गाड्यांत पुढे बसायचं तर डावीकडून चढायचं, आधी उजवा पाय आत घालावा लागतो," काका धापा टाकत म्हणाले. "तिचा तोच गेलाय. मागे बसवली की रडते. जन्मभर माझ्या शेजारी बसली हो. मागे बसवली की पेशंट होते."

 मी काकूचा उजवा पाय उचलून नीट आत ठेवला. या माणसाला आम्ही वेडा म्हणत होतो!

जीप निघाली. बागेला वळसा घालून गेटकडे आली. चालत्या माणसाने मागे टाकावं, एवढाच काय तो स्पीड. गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर जरा दणका बसला, आणि काकूने डाव्या हाताने दांड्यावर फाडकन थाप मारली.

"हळू!"

काकांनी करकचून ब्रेक मारला. इंजिन बंद पडलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. डोळे भरून आले होते, आणि चेहरा हसत होता.

"ऐकलंत?" ते मला म्हणाले. "ओरडली माझ्यावर!"