थेंब मोजणारे पिंपळखुटेकाका

आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेलं प्रत्येक कुटुंब पहिल्या आठवड्यातच पिंपळखुटेकाकांकडे फळं घेऊन जातं. आजाऱ्याला बघायला. कारण जिना चढताना काकांचं दार उघडं असलं, की आत पडद्याच्या दांडीला टांगलेली सलाइनची बाटली दिसते, तिची खाली गेलेली नळी दिसते आणि बाजूला घड्याळ हातात धरून थेंब मोजणारे काका दिसतात. तिसऱ्या मजल्यावरच्या सक्सेनाबाई तर डझनभर केळी घेऊन गेल्या होत्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, "भाईसाहब, मरीज़ कहाँ हैं?" काकूंनी हनुवटीने माशांच्या टाकीकडे दाखवलं आणि केळी आत नेऊन ठेवली.

काकांच्या घरात समुद्र आहे. जबलपूरच्या गोरखपूर भागात, दुसऱ्या मजल्यावर, दिवाणखान्यात. चार फुटी काचेची टाकी, खारं पाणी, सहा मासे आणि प्रवाळ. पोवळं म्हटलं की आपल्याला अंगठीतला खडा आठवतो. काकांकडचं पोवळं जिवंत आहे. ते पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि त्याचं स्वतःभोवती हाड बांधतं. म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम रोज थोडं थोडं संपतं आणि ते रोज थोडं थोडं भरावं लागतं. लिटरमागे चारशे वीस मिलिग्रॅम. चारशेच्या खाली आलं की काकांचा चेहरा उतरतो, साडेचारशेच्या वर गेलं की रक्तदाब चढतो.

काका संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, तिथल्या प्रयोगशाळेत. चौतीस वर्षं त्यांनी काचेच्या नळीतून थेंब सोडले आणि रंग कधी बदलतो ते पाहिलं. निवृत्तीच्या दिवशी लोकांना शाल-श्रीफळ मिळतं, तसं यांनाही मिळालं; पण थेंबांची सवय काही सुटली नाही. रोज सकाळी आठ वाजता टाकीतलं पाणी एका छोट्या बाटलीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब सोडायचे, गुलाबी पाणी निळं झालं की थेंबांवरून हिशेब करायचा आणि वहीत आकडा लिहायचा. त्या वेळी दारावरची घंटा वाजवलीत तर आतून आवाज येतो, "थांबा जी! निळं होऊन राहिलं!"

आणि भरपाई कशाने? तर चुन्याच्या निवळीने. पानाला लावतात तोच चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी सलाइनच्या बाटलीत भरायचं आणि मिनिटाला वीस थेंबांनी टाकीत सोडायचं. बाहेरून येणारी महागडी पावडर काकांना मान्य नाही. "कटनीचा चुना जगात एक नंबर आहे, बेटा. अन् हे लोक डब्यावर मासा छापून विकून राहिले." त्यासाठी त्यांनी दीक्षितपुऱ्यातल्या पाच दुकानांतून चुन्याच्या पाच पुड्या आणून घरी तपासल्या आणि एक दुकान पक्कं केलं. तो दुकानदार बिचारा चक्रावून गेला होता. "दादा, पान तो आप खाते नहीं. इतना चूना किसको लगाते हो?"

समुद्रापासून इतक्या लांब हा खटाटोप काहून, असं कोणी विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं: "अरे भैया, ये पूरा जबलपुर कभी समुद्र था! भेडाघाटचा संगमरवर काय आहे? समुद्राच्या तळाचा गाळच न! मी नवीन काही आणलं नाही. जे गेलं ते परत बोलावून राहिलो." समोरचा नुसती मान डोलावतो, कारण भेडाघाटला आपण सगळे नावेत बसायला आणि भुट्टा खायला जातो.

खरं कारण मला काकूंनी सांगितलं होतं. नोकरीत असताना एकदा सरकारी प्रवाससवलतीवर दोघं पुरीला गेले. काकूंनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. लाट पायावर आली आणि त्या अशा हसल्या की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. तासभर पाण्यातून बाहेर येईनात, गाडी चुकता चुकता राहिली. तेव्हा काका म्हणाले होते, "चल आता. घरी आणून देईन तुला समुद्र."

"अन् आणला न!" काकू टाकीकडे बघून म्हणाल्या. "आता मी त्याच्या काचा पुसून राहिली."

या समुद्राचे नियम कडक. मे महिन्यात अख्खं जबलपूर भाजून निघतं तेव्हा काकांच्या दिवाणखान्यात एसी चालू असतो, पोवळ्यांसाठी. आम्ही शेजारी काही ना काही निमित्त काढून तिथे जाऊन बसतो आणि माशांची चौकशी करतो. वीज गेली तर इन्व्हर्टरवर टाकीचा पंप चालतो, काकूंचा पंखा नाही. आणि सर्वांत कडक नियम पडद्यांचा. पाण्यावर ऊन पडलं की शेवाळ धरतं, म्हणून खिडक्यांचे जाड पडदे सहा वर्षं बंद. नुसते बंद नाहीत, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी कडेला आवळलेले. काकू टाकीच्या निळ्या दिव्याखाली तांदूळ निवडायच्या. "सगळेच दाणे निळे," म्हणायच्या, "खडा ओळखू कसा?"

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला दोघं नागपूरला गेले. टाकी माझ्यावर सोपवली, सोबत चार पानी सूचना. पहिला दिवस मी नेकीने थेंब मोजले. दुसऱ्या दिवशी मला शाळेत शिकवायला जायला उशीर होत होता. म्हटलं, पाण्याला काय, थेंबाने गेलं काय नि धारेने गेलं काय! अख्खी बाटली ओतली आणि गेले. दुपारी येऊन बघते तर टाकीत तांदळाचं धुवण! मासे नुसते सावल्यांसारखे दिसत होते. मी रडतच फोन केला. काका लग्न टाकून मिळेल त्या गाडीने परत आले, स्वागतसमारंभाला काकू एकट्याच. दोन दिवस ते बादल्या भरून पाणी बदलत होते. दोन पोवळी गेलीच. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण काका एवढंच म्हणाले, "बेटा, ओतायचं नसतं. थेंब मोजायचे असतात." तेव्हापासून हे वाक्य मी वर्गात गणिताच्या तासालाही वापरते.

हे सगळं मी गमतीने सांगते आहे आणि ते गमतीचंच होतं. पण गेल्या जानेवारीत जे झालं, त्यात मी काही फार शोभले नाही.

शाळेत परीक्षा चालू होत्या. पेपरांचा गठ्ठा घेऊन मी जिना चढत होते आणि काका वरून खाली येत होते. दाढी वाढलेली, स्वेटरची बटणं खाली-वर. मी नेहमीसारखं विचारलं, "काय काका, आज किती?"

काका थांबले. म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर निघालं, बेटा."

मी आकड्यांची बाई. चारशे विसाच्या जागी अठ्ठ्याहत्तर! माझ्या तोंडून निघून गेलं, "अठ्ठ्याहत्तर? मग मेलं असेल सगळं!"

"नाही जी," काका म्हणाले. "जिवंत आहे. हात मोडला फक्त."

मला दोन पायऱ्या चढून गेल्यावर उजेड पडला. मागे फिरून विचारलं तेव्हा कळलं, काकू चार दिवसांपूर्वी न्हाणीघरात साध्या घसरल्या आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं आतून पोकळ होत आली आहेत, रक्ताची तपासणी करा. ड जीवनसत्त्व जवळजवळ नाही, कॅल्शियम फार कमी. अहवालातला डेसिलिटरचा आकडा काकांनी सवयीने दहाने गुणून लिटरचा करून घेतला होता. नव्वद-पंच्याण्णव हवं, अठ्ठ्याहत्तर निघालं.

"दोन वर्षांपासून म्हणून राहिली होती, पाठ दुखते," काका कठड्याला धरून म्हणाले. "मी म्हटलं, हवा बदलली. डॉक्टरनं विचारलं, ऊन मिळतं का यांना? मी काय सांगू? पडदे तर मीच लावले. तिच्यासाठीच आणला होता हा समुद्र, अन् तिच्याकडेच पाहायचं राहून गेलं."

मी पेपरांचा गठ्ठा पायरीवर ठेवला. चार दिवस त्यांच्या दारातून माणसं आत-बाहेर करत होती. मी पाहिलं होतं आणि माशांचंच काही असेल म्हणून वर निघून गेले होते. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी तेच केलं. नसलेल्या आजाऱ्याला केळी आणणारे आम्ही, खऱ्या आजाऱ्याकडे कोणी फिरकलो नाही. मला स्वतःची फार लाज वाटली.

संध्याकाळी सफरचंदं घेऊन गेले. काकू प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ठेव. पण यांचं म्हणणं आहे, सफरचंदात कॅल्शियम नसतं."

काकांनी तोवर नवी वही घातली होती. वरती काकूंचं नाव लिहिलेलं, 'सुधा'. दूध, तीळ, नाचणी, गोळी, सगळ्यांचे रकाने. बरं, दूध सरळ पेलाभर द्यायचं की नाही? नाही! ओतायचं नसतं. दर दोन तासांनी अर्धी वाटी, घड्याळ लावून. तिळाचा लाडू चार तुकडे करून. "संक्रांत संपली, पण आमच्याकडची संपून नाही राहिली," काकू म्हणाल्या. टाकीची वही मात्र काकांनी माझ्याकडे दिली. "आठवड्यातून एकदा तू पाहून घेत जा, बेटा. मला आता फुरसत नाही."

तशी मी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी गेले, तर दारातच थबकले. दिवाणखान्यात ऊन होतं. मी त्या घरात ऊन कधी पाहिलंच नव्हतं. पडदे उतरवलेले, चिमटे टोपलीत. काकूंना गच्चीचे जिने चढायची मनाई होती आणि ऊन येतं ती एवढीच एक खिडकी. ती सताड उघडून, तिच्यासमोर खुर्ची टाकून काकू बाह्या वर सारून बसल्या होत्या. काका घड्याळ धरून बाजूला उभे. आणि त्याच उन्हात टाकीची काच शेवाळाने हिरवीगार झाली होती.

मी पाणी घेतलं, थेंब सोडले. गुलाबीचं निळं फार लवकर झालं.

"तीनशे साठ, काका."

"हं." काकांनी वळूनही पाहिलं नाही.

काकूंनाच राहवेना. "अहो, लावा न पडदा आता. सहा वर्षांची मेहनत आहे. पोवळी मरून जातील तुमची."

"असू दे. पाच मिनिटं राहिली अजून."

"मी काय मासा आहे का, असं घड्याळ लावून पाहायला?"

काकांनी घड्याळ या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाले, "मासा असतीस तर बरं होतं. माशांचं मी रोज तपासत होतो."

मी हातातली निळी बाटली उगाच हलवत राहिले. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, हिरव्या काचेकडे पाहिलं आणि चांगल्या हाताने बाजूचं स्टूल पुढे ओढलं.

"मग उभे काहून राहिले? बसा न इथं. ऊन काय माझ्या एकटीचं आहे?"

काका बसले. घड्याळ त्यांनी माझ्या हातात दिलं. "चार राहिली, बेटा. झाली की सांग."

दोघं उन्हाकडे तोंड करून बसले. काकू पुरीचं काहीतरी सांगायला लागल्या, गाडी चुकता चुकता कशी राहिली ते. काका म्हणाले, गाडी तुझ्या पायी चुकली असती. त्या म्हणाल्या, तुमच्या. मग काकू हसल्या, मोठ्याने.

चार मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मी सांगितलं नाही.