बुजगावण्याचं पोट

मला जमणार नाही असं काम अजून जन्माला यायचंय, हे मी आमच्या ह्यांना लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे "विजेशिवाय, नळाशिवाय, दुकानाशिवाय महिनाभर राहशील का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी शिलाई मशीनवरचा पाय न उचलता म्हटलं, "महिनाभर? अहो, जन्मभर राहीन! माझं मशीन पायावर चालतं, आणि तोंड तर त्याहून स्वस्तात!"

लोकांना वाटलं, हिला निसर्गाची ओढ लागली. कसली ओढ! मला लागली होती आग. त्या आगीचं नाव वन्सं.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. बँकेतली नोकरी सोडून त्या टेकडीवरच्या वस्तीत राहायला गेल्या. डझनभर माणसं, मातीची घरं, पंपापुरती सूर्याची वीज, स्वतः पिकवायचं आणि स्वतः खायचं. चांगली गोष्ट आहे. जावं माणसानं. पण त्या तिकडे गेल्या आणि त्यांचं कौतुक आमच्याकडे राहायला आलं, त्याचं काय?

मी पंखा लावला की हे म्हणायचे, "ताईकडे पंखाच नाही!" मी साबण आणला की सासूबाई म्हणायच्या, "माझी लेक साबण घरी करते." चादरीची घडी घातली तर, "अगं, ही घडी आहे की गाठोडं? माझी लेक अशी घडी घालते, की कपाटानं हात जोडावेत!" राहायच्या माझ्याकडे, जेवायच्या माझ्या हातचं, आणि ढेकर द्यायच्या लेकीच्या नावानं!

मला फार काही नको होतं हो. सासूबाईंनी एकदाच, फक्त एकदाच, चार माणसांत म्हणावं, "सून असावी तर अशी." आणि वन्संनी ते ऐकावं. शक्यतो जवळून.

म्हणून सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे सोडलं, मशीन टेम्पोत चढवलं आणि आम्ही टेकडीवर दाखल झालो.

वस्तीचे कर्तेधर्ते सुतारकाका. दाढी अशी, की त्यांनीच रंधा मारून काढलेली वाटावी. त्यांनी आम्हाला भाजलेल्या धान्याचा काळाकुट्ट काढा दिला आणि म्हणाले, "आम्ही इथं चहा-कॉफी सोडली. हे प्या, मन निर्मळ होतं." मी एक घोट घेतला. मन निर्मळ झालं की नाही कोण जाणे, जिभेला मात्र वैराग्य आलं.

शेजारी मधमावशी. मधमाश्या पाळायच्या आणि साखरेचं नाव निघालं की कानांवर हात ठेवायच्या. आणि एक शेळी. तिला सगळे 'तपासनीस' म्हणत, कारण कुठल्याही घरात विचारल्याशिवाय शिरून ती डबे, खिसे आणि अंथरूण तपासून यायची.

मग वन्संनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नेलं. तिथं काचेच्या बरण्या रांगेनं मांडल्या होत्या. प्रत्येक माणसाची एक.

"वहिनी, इथला एवढाच नियम नीट समजून घे," वन्सं म्हणाल्या. "जे मातीत मुरत नाही, ते आपापल्या बरणीत टाकायचं. जाळायचं नाही, पुरायचं नाही, खालच्या गावात नेऊन टाकायचं नाही. महिनाअखेर बरण्यांचा दिवस. सगळ्यांसमोर बरणी रिकामी करायची आणि एकेक वस्तू का लागली ते सांगायचं. नव्या माणसांना ठेवून घ्यायचं की नाही, तेही त्याच दिवशी ठरतं."

"आणि ज्याची बरणी सर्वांत रिकामी?"

"त्याला पहिली अंघोळ! त्या दिवशी मोठ्या पिंपात पाणी तापवतो. एरवी ओढ्याचं गार पाणी." मग डोळे खाली घालून, अगदी लाजत त्या म्हणाल्या, "मी आल्यापासून पहिली अंघोळ माझीच असते."

मी त्यांची बरणी पाहिली. आत एक नायलॉनचा धागा. तोही वेटोळं करून, शहाण्यासारखा बसलेला! माझ्या छातीत असं काही झालं, की त्यावर काढा तापला असता.

दुसऱ्या दिवशी हातजात्यावर माझी पाळी होती. जात्याला कान असतात म्हणून बरं, नाहीतर माझं कोण ऐकणार?

वन्संच्या बरणीत, बाई, एवढासा धागा,
माझ्या जिवाला मिळेना दोन बोटं जागा!

आमचे हे मात्र पहिल्याच आठवड्यात कामातून गेले. दाढीचं ब्लेड, गोळ्यांची पाकिटं, तुटलेल्या चपलेचा पट्टा, जे असेल ते टाक बरणीत! बरणी गळ्याशी आली. मी फणकारले, "अहो, जरा लाज! माणसं बघतात!"

"बघण्यासाठीच काचेची आहे ना ती?" हे म्हणाले आणि वर पेनाचं झाकण टाकलं.

आता माझी अडचण सांगते. कोणाला सांगू नका. मशीनच्या खोक्यात, तळाशी, क्रीमच्या बिस्किटांचे पुडे होते. रोज उकडलेला भोपळा खाऊन माणसाला सकाळी भोपळ्याच्या वेलीकडे बघवत नाही हो! पहिला पुडा मी दुःखानं खाल्ला. दुसरा सवयीनं. मग कागद उरले. चकचकीत, लालभडक, मातीत सात जन्म न मुरणारे!

आधी ते उशीत भरले. हे डोकं टेकवायचे आणि म्हणायचे, "उशी काहीतरी बोलतेय गं." त्यात तपासनीस येऊन उशी हुंगून गेली. मी घाबरले.

आणि देव पावला! बैठकीत सुतारकाका म्हणाले, "पाखरं सगळा वाटाणा खाऊन चाललीत. शिवणकाम येणारं माणूस आपल्यात आलंय, एक बुजगावणं होईल का?"

होईल का? अहो, मी असं बुजगावणं शिवलं की त्याला स्थळं सांगून यावीत! जुनी विजार, चेकचा सदरा, डोक्यावर टोपी. आत थोडा पेंढा, आणि पोटात माझे कागद. पाठीला सदऱ्याखाली नाडीचं तोंड ठेवलं, म्हणजे पुढचेही कागद सुखानं आत जातील.

आणि गंमत बघा! वारा आला की ते पोटातून खुसखुस, खसखस करायचं. पाखरं जी उडाली, ती पलीकडच्या टेकडीवर जाऊन बसली. सगळी वस्ती थक्क!

"पेंढ्याचा असा आवाज?" मधमावशींनी विचारलं.

"पेंढा भरायची एक पद्धत असते," मी म्हटलं.

मी ओढ्यावर अंघोळ करत होते, तर वन्सं स्वतः माझ्याकडे आल्या. चेहरा दुधावरच्या सायीसारखा आक्रसलेला. "वहिनी, मलाही शिकव ना ती पद्धत." काय सांगू तुम्हाला! थंडगार ओढ्यात उभी असताना मला आतून ऊब आली. वन्सं जळत होत्या! माझ्यावर! मग वाफ्यात जाऊन बुजगावण्याची टोपी सारखी करताना मी गुणगुणले,

बुजगावण्या बाळा, सदरा नीट लेव,
तुझ्या पोटामध्ये आहे तुझ्या आईची ठेव!

बाळही बाळसं धरत होतं. माहेरी आलेल्या लेकीसारखं दिवसेंदिवस भरत चाललं होतं. सदऱ्याचं बटण ताणलं. मला वाटलं, दवानं पेंढा फुगला असेल. कौतुकानं माणूस फुगतं, तर बुजगावणं का नाही फुगणार?

बरण्यांचा दिवस उजाडला. मी मुद्दाम बोलावलेल्या सासूबाई टेम्पोतून उतरल्या, लेकीला कुरवाळलं, मुलाला कुरवाळलं, मला म्हणाल्या, "वाळलीस." मी म्हटलं, थांबा. आज तुम्हाला वेगळं वाक्य बोलायचंय.

अंगणात लांब टेबल मांडलं. पिंपाखाली लाकडं पेटली. ह्यांची बरणी रिकामी करताना तर लोक आळीपाळीनं हसून घेत होते. प्रत्येक गोळीची कथा हे मन लावून सांगत होते. वन्संच्या बरणीतून त्यांचा धागा निघाला. आणि माझ्या बरणीतून? काहीच नाही! उलटी केली, खालून थोपटली. नुसती काच!

टाळ्या! सुतारकाका उभे राहिले. "अशी बरणी मी आजवर पाहिली नाही. आणि पिकंही हिनंच राखली. त्या बुजगावण्याला आणा रे, त्याचाही मान आहे आज!"

आमच्या ह्यांनीच ते खांद्यावरून आणलं आणि सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. सासूबाईंनी त्याच्या सदऱ्याची शिवण बोटानं चाचपली. माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. "सून असावी..."

"मेंऽऽ!"

तपासनीस! टेबलाखालून आली आणि तिनं थेट बाळाच्या पोटात तोंड घातलं. मी ओरडले, हे धावले, बटण तुटलं, सदरा फाटला आणि बाळ फुटलं! वारा तयारच होता. लाल कागद, चंदेरी कागद, पिवळे, हिरवे. आकाशात अशी काही रंगांची उधळण झाली, की मधमावशींच्या माश्यासुद्धा चौकशीला आल्या!

कागद खाली बसले. सुतारकाका गंभीर आवाजात म्हणाले, "हे कोणाचं?"

शिवण माझी होती. पळणार कुठे? "माझं," मी म्हटलं. "क्रीमची बिस्किटं. लाल कागद." मग खाली पाहिलं, आणि माझा सूरच बदलला. "पण काका, मी कॉफी पीत नाही! या कॉफीच्या पुड्या कोणाच्या?"

सुतारकाकांची दाढी थरथरली. "सकाळी... तो काढा उतरत नाही गं घशाखाली," ते पुटपुटले. "नाडी सैल दिसली. म्हटलं, आहेच जागा."

"आणि साखरेच्या पुड्या?"

मधमावशी घाईनं माश्यांकडे बघू लागल्या. मग एकेक जण उठला. कोणाचं खारं, कोणाचं गोड. राहिला चंदेरी कागद. चॉकलेटचा. ढिगानं!

मी हळूच वळले. वन्सं जमिनीकडे बघत होत्या.

"वन्सं? तुम्ही?"

"आधी गादीत भरायचे," वन्सं रडवेल्या होऊन म्हणाल्या. "गादीत आता मावेनात. आणि तुझ्या बुजगावण्याचा आवाज ऐकला ना, तो ओळखीचा वाटला. गादीही तसंच बोलते."

खरं सांगते, मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आणि मारलीही. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघी एका पातळीवर आलो होतो, एकाच कचऱ्यात उभ्या होतो. आम्हाला ठेवून घ्यायचं की नाही हा विषय कोणी काढलाच नाही. कोणत्या तोंडानं काढणार? पहिली अंघोळ मिळाली आमच्या ह्यांना, कारण जे खाल्लं-वापरलं ते सगळं खरंखरं दाखवणारी बरणी एकट्या त्यांचीच. पिंपाकडून आवाजही आला, "अगंऽ, पाणी काय झकास तापलंय!"

मला त्याचंही काही वाटलं नाही. जळण संपलं होतं. माझं.

तेवढ्यात सासूबाई खुर्चीतून वाकल्या. त्यांनी जमिनीवरून एक लाल कागद उचलला. माझा. चुरगळलेला, गोळा केलेला. मग एक चंदेरी उचलला. नखाएवढा चौकोन, कोपऱ्याला कोपरा जुळवलेला, इस्त्री केल्यासारखा. दोन्ही तळहातांवर दोन ठेवून त्यांनी सगळ्या वस्तीला दाखवले.

"चोरून खाल्लं," सासूबाई म्हणाल्या, "पण घडी बघा! लेक कोणाची आहे!"

हल्ली वाटाण्याच्या वाफ्यात बसून मी रोज सराव करते. बिस्किटाचा कागद पुरेसा मऊ नसतो, म्हणून वन्संकडून चॉकलेटचे कागद मागून आणते. कोपरा अजून जुळत नाही. मेला!