माझ्या पार्किंगमध्ये पाणी थांबत नाही

डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी गाडीची किल्ली मुलाकडे दिली. चार दिवसांसाठी. तेवढ्यात सर्व्हिसिंग करून आणतो म्हणाला. मीही हो म्हटलं. (मला तेव्हा एकाच डोळ्यानं दिसत होतं, आणि तो नेमका मुलाकडे नव्हता.)

पाचव्या दिवशी पट्टी निघाली आणि मी खाली पार्किंगमध्ये आले. पाहते तो गाडी जमिनीला टेकलेली. आधी वाटलं, चारही चाकं पंक्चर. मग वाटलं, डॉक्टरनं डोळ्यात भिंग उलटं बसवलं. मुलगा मागे उभा होता, तोंडभर हसत.

"आई, लोअर केली. सरप्राइज."

मुलगा सेहेचाळीस वर्षांचा आहे. विमा कंपनीत क्लेम बघतो, म्हणजे दिवसभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघतो. एवढं बघून माणूस शहाणा व्हायला हवा. यानं घरबसल्या आखूड स्प्रिंग मागवल्या, कुणाकडून तरी बसवून घेतल्या आणि जुन्या स्प्रिंग त्याच दिवशी भंगारात दिल्या. का, तर गाडी खाली बसली की 'स्टान्स' येतो, म्हणजे ऐट. या वयात घरात कुणाची उंची कमी व्हायची असेल तर ती माझी. ती होतेच आहे, डॉक्टर दर वर्षी मोजून सांगतो. गाडीनं काय घोडं मारलं होतं?

आता मी कोण, ते सांगते, नाहीतर तुम्हीही मला म्हातारी समजून खुर्ची द्याल. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण यजमानांचं स्पेअरपार्टचं दुकान होतं आणि तीस वर्षं ते गल्ल्यावर बसले आणि मी मागे खोक्यांत. प्रत्येक खोक्यात एक घडी घातलेलं पत्रक असतं. लोक ते फेकतात, मी वाचत गेले. क्लच वाचला, ब्रेक वाचला, स्टिअरिंग वाचलं. शेवटी शेवटी मेकॅनिक यजमानांना नमस्कार करायचे आणि प्रश्न मागे येऊन मला विचारायचे. मला कुणी शिकवलं नाही. त्यामुळे चुकीचंही कुणी शिकवलं नाही, असं मी अभिमानानं सांगत असे. (हल्ली सांगत नाही. पुढे कळेल.)

आणि गाडी कशाला हवी, तर ताईसाठी. माझी सख्खी मोठी बहीण, ब्याऐंशी वर्षांची, शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात असते. तिथवर बस जात नाही. दर शनिवारी मी जाते, फाटकाशी हॉर्न वाजवते, दोन लहान आणि एक लांब. ताईला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, पण हॉर्न ओळखते आणि चपला शोधायला लागते. तिला शेजारी बसवून रेल्वेच्या फाटकापर्यंत नेऊन आणायचं, एवढाच कार्यक्रम. फाटक बंद असलं तर तिला जास्त आनंद. अकरा वर्षांत माझा एक शनिवार चुकला नाही.

गाडी खाली आली त्याचं एक वेळ चाललं असतं. पण स्प्रिंग आखूड झाल्या की पुढची चाकं कलतात. वरून आत, खालून बाहेर, कुस्तीला उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी पाय फाकवून. चाक समोरून उभं दिसतं की तिरकं, त्याला कॅम्बर म्हणतात. ते असं बिघडलं की टायर फक्त आतल्या कडेवर चालतो. मी मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, दिसायला भारी दिसतं. तीन महिन्यांत दोन्ही टायर आतून झिजून तारा बाहेर आल्या. बाहेरून मात्र नवेकोरे. (घरातल्या काही नात्यांचंही तसंच असतं. सूनबाई हे वाचणार आहे, म्हणून पुढे लिहीत नाही.)

तारा दिसल्याबरोबर मुलानं किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. म्हणाला, आता ही गाडी तू चालवायची नाहीस. मी म्हटलं, बिघडवली तू आणि उतरायचं मी? तर म्हणे प्रश्न नुसत्या चाकांचा नाही. डोळ्यांचा आहे, वयाचा आहे, त्याच्या झोपेचा आहे. शनिवारी तोच मला ताईकडे नेईल. सूनबाईनंही मान हलवली. ती तिसरीच्या वर्गाला शिकवते. घरी आली तरी तिचा वर्ग सुटत नाही, फक्त पट कमी होऊन त्यात एकटी मी उरते.

तेव्हा मुलाला घेऊन मी अलाइनमेंटवाल्याकडे गेले. चाकं सरळ करणारा माणूस, त्याच्याकडे मोठं मशीन आहे, चार खांब आणि एक पडदा. त्यानं मला प्लास्टिकची खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि गाडीबद्दल सगळं मुलाशी बोलला. म्हणाला, कंपनीच्या बोल्टात चाक हलवायला जागाच नसते, जुन्या स्प्रिंग आणा. मुलगा बुटांकडे पाहायला लागला. मी खुर्चीतून म्हटलं, कॅम्बर बोल्ट टाका. अलाइनमेंटवाला मुलाला म्हणाला, हो, कॅम्बर बोल्ट टाकता येतील. म्हणजे माझं वाक्य त्यानं उचललं, पुसलं आणि मुलाला विकलं.

कॅम्बर बोल्ट म्हणजे पोट सुटलेला बोल्ट. शॉकअब्सॉर्बर चाकाच्या सांध्याला दोन बोल्टांनी धरलेला असतो, त्यातला वरचा काढून हा घालायचा. पोट ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला चाकाचं डोकं सरकतं. एवढंच. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, तुमचं मशीन राहू द्या. बोल्ट मी मागवते आणि घरी मीच बसवते, ओळंबा लावून.

आता तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "काकू, जमीन लेव्हल लागते."

"माझं पार्किंग मी गवंड्याच्या डोक्यावर उभी राहून करून घेतलंय," मी म्हटलं. "बारा वर्षं झाली. पाण्याचा थेंब थांबत नाही."

तो नुसता हसला. मला वाटलं, हरला.

घरी येऊन मुलाशी पैज लागली. मी चाकं सरळ करायची. मग गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर मी गाडी चालवायची आणि स्टिअरिंगवरचे हात सोडायचे. गाडी नाकासमोर गेली तर किल्ली माझी, आणि डोळे, वय, झोप हे विषय बंद. नाही गेली तर किल्ली त्याची, आणि माझं तोंड बंद. मुलानं इतक्या पटकन हो म्हटलं की तेव्हाच मला संशय यायला हवा होता. त्याच्यावर नव्हे, माझ्यावर.

दोन दिवस काम चाललं. नवे टायर मुलानं आणले, तेवढी लाज त्याला होती. जॅक त्यानं लावला, कारण माझ्या मनगटात आता तेवढा जोर नाही. (हे इथे लिहिलंय, घरात बोललेले नाही.) बोल्ट मात्र मी घातले. सुतळीला जड नट बांधला, चाकाशेजारी सोडला आणि रिमच्या वरच्या कडेपासून सुतळी किती लांब, खालच्या कडेपासून किती, ते स्टीलच्या पट्टीनं मोजलं. बोल्टाचं पोट केसभर फिरवायचं, गाडी पुढेमागे ढकलायला लावायची, पुन्हा मोजायचं. चाकांची तोंडं समोर आहेत की नाही तेही दोरी ताणून पाहिलं. सूनबाई दर तासाला खाली येऊन "छान चाललंय, आई" म्हणून जायची. हातावर चांदणी काढायची तेवढी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही चाकं सुतळीबरोबर सरळ. वर जेवढं अंतर तेवढंच खाली, मिलिमीटरचा फरक नाही. मी मुलाला पट्टीवर वाचायला लावलं. त्यानं वाचलं आणि गप्प झाला. तो गप्प झालेला मला फार आवडला.

सकाळी आम्ही गोदामांमागे गेलो. मी स्टिअरिंगवर, मुलगा शेजारी, सूनबाई मागे. रस्ता रिकामा आणि फूटपट्टीसारखा सरळ. मी गाडी तीसवर नेली, दोघांकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि दोन्ही हात वर केले.

गाडी डावीकडे निघाली. झटका नाही, आवाज नाही. ओळखीची भाजीवाली दिसल्यासारखी शांतपणे डावीकडे निघाली. मी हात वरच ठेवले, कारण मला खात्री होती की ती परत येईल. मुलगा दोनदा "आई" म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच स्टिअरिंग धरलं आणि मी ब्रेक दाबला, पण तोवर एका बांधकामाचा वाळूचा ढीग आला होता आणि गाडीनं त्यात तोंड खुपसलं. गाडी खाली बसवलेली असल्यामुळे तोंड अगदी व्यवस्थित खुपसलं गेलं.

"प्रयत्न चांगला होता," मागून सूनबाई म्हणाली.

मुलानं काही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसता हात पुढे केला. "आई, किल्ली."

मी दिली. पैज म्हणजे पैज. तीस वर्षं दुकानात उभी होते, दिलेला शब्द परत घेत नाही.

पण चुकलं कुठे, ते कळल्याशिवाय मला जेवण जाईना. मुलगा गाडी अलाइनमेंटवाल्याकडे घेऊन निघाला तेव्हा मीही बसले. तिथे पोहोचल्यावर मात्र उतरले नाही. काच तेवढी खाली ठेवली. मशीनच्या पडद्यावर आकडे आले. अलाइनमेंटवाला बराच वेळ पाहत राहिला आणि मुलाला म्हणाला, काकूंचा हात पक्का आहे. डावं चाक जेवढं बाहेर कललंय, उजवं बरोबर तेवढंच आत. इतकी सारखी चूक आपल्या माणसांना मशीनवरही जमत नाही.

मग तो माझ्या खिडकीशी आला, वाकला (या गाडीसाठी आता सगळ्यांनाच वाकावं लागतं) आणि त्यानं अगदी गोड आवाजात विचारलं, "काकू, तुमच्या पार्किंगमध्ये पाणी थांबत नाही म्हणाला होतात. जातं कुठे?"

"उजवीकडे," मी म्हटलं. "गटारात."

"आपोआप?"

पाणी आपोआप उजवीकडे जातं, म्हणजे जमीन उजवीकडे उतरती आहे. मी उतरत्या जमिनीवर उभ्या केलेल्या गाडीची चाकं ओळंब्यात सरळ केली. ओळंबा खरं तेच बोलला. गाडी सपाट रस्त्यावर आली तेव्हा दोन्ही चाकं एकजुटीनं डावीकडे कलली, आणि कलेल तिकडे चाक धावतं, हे मी पत्रकात वाचलेलं आहे. तो उतार मीच सांगून घेतलेला. सगळं मला येत होतं. फक्त मी उभी कुठे आहे, ते पाहिलं नव्हतं.

त्यानं मीच बसवलेले बोल्ट दहा मिनिटांत फिरवले. येताना मुलानं गोदामांमागे मुद्दाम हात सोडून पाहिले. गाडी नाकासमोर गेली. तो खूश होता. "बघ आई, तुझेच बोल्ट," म्हणाला. त्याला ते सांत्वन वाटलं असणार.

मी दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावलं. बारा वर्षांपूर्वीचाच, आता त्याचेही केस पिकलेत. म्हटलं, पार्किंग लेव्हल कर, मला पैज पुन्हा लावायची आहे. तो म्हणाला, काकू, मागे उतार नीट नव्हता म्हणून तुम्ही मला दोनदा फोडायला लावलं होतं. मी म्हटलं, आता तिसऱ्यांदा फोड. त्यानं लेव्हलची पाण्याची नळी धरून जमीन अशी सपाट केली की गोटी ठेवली तर ती विचार करत बसेल. सिमेंट वाळलं, मी सुतळी, नट आणि पट्टी घेऊन खाली उतरले, आणि तेव्हा लक्षात आलं की चाकं आधीच सरळ झालेली आहेत. सुधारायला काही उरलंच नव्हतं.

मुलाचं आता गाडीवर फार प्रेम बसलंय. रोज सकाळी पाइप लावून धुतो. मला शनिवारी ताईकडे न्यायचं त्याच्या लक्षात असतं, पण मागच्या शनिवारी त्याच्या ऑफिसची मीटिंग होती आणि आज असल्याच हौशी मित्रांची सहल. सगळ्यांच्या गाड्या जमिनीला टेकलेल्या, रांगेत जाणार आहेत. मी वृद्धाश्रमात फोन केला. तिथली बाई म्हणाली, ताई दहा वाजल्यापासून चपला घालून बसल्यात.

आणि मी खाली पार्किंगमध्ये आहे. लेव्हल जमिनीवर गाडी धुतलेलं पाणी घोट्याएवढं साचतं, कुठेच जात नाही. खराटा घेऊन ते गटारापर्यंत लोटावं लागतं, चांगला पाऊण तास. दोन्ही हात दुखतात, डोळ्यांत शिंतोडे उडतात. पण याला माझं वय आड येतं, असं अजून घरात कुणी म्हटलेलं नाही.