मालक नसलेली सिस्टिम

"अक्षर वाटाण्याएवढं ठेव हो, सूनबाई! पोथी वाचताना बायांनी हात जोडायचे, डोळे ताणायचे नाहीत!"

तुळसाबाई जाऊन वर्ष होत आलं, तरी दुर्गाच्या कानात सासूबाईंचं हे बोलणं ताजं होतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारची कहाणी त्या लालबागच्या चाळीत बायकांना तोंडपाठ सांगायच्या. त्यांची लक्ष्मी गिरणगावातली होती. संपात चूल विझलेल्या घरी यायची आणि पिठाच्या रिकाम्या डब्यावर बसून विचारपूस करायची. अशी लक्ष्मी बाजारच्या पोथीत कुठली भेटायला! म्हणून दुर्गाने शब्द दिला होता, "तुमची कहाणी तुमच्याच शब्दांत छापून उद्यापनाला वाटीन."

आता उद्यापन गुरुवारवर आलं होतं आणि पोथीचं एकही पान तयार नव्हतं.

"अगं, चिंता कसली करतेस? सोमवारी सकाळी बसतो, जेवायच्या आत पोथी तयार!" दुर्गाचे यजमान राजारामभाऊ म्हणाले होते. संपात गिरणी सुटली तेव्हापासून ते फणसवाडीत शामरावांच्या छापखान्यात कामाला होते. शामरावांनी मोडीत काढलेला संगणक त्यांनी घरी आणला आणि त्याच्यावर लिनक्स नावाची सिस्टिम बसवली. का? तर म्हणे, तिला मालक नाही!

"साऱ्या जगाच्या संगणकांना मालक आहे. माझ्या सिस्टिमला नाही! सगळ्यांनी मिळून केलेली, सगळ्यांची!" संपाच्या सभेत मूठ वळायचे तशीच ते मूठ वळत. चाळीत दुसऱ्या कुणाकडे ही सिस्टिम नव्हती, त्यामुळे अडलं तर विचारायलाही कुणी नव्हतं, हा भाग वेगळा. कहाणी टाइप झाली होती. पानं जुळवणारं 'लाटेक' नावाचं सॉफ्टवेअर तेवढं बसवायचं राहिलं होतं. त्याची सीडी रविवारी घरी आली.

शामरावांनी बजावलं होतं, "सोमवारी रात्री आठच्या आत पानं हातात पडली तर गुरुवारी पोथ्या देतो. नाहीतर पुढच्या मार्गशीर्षात!"

आणि सोमवारी दुर्गाचं मौन! दिवेलागणीपर्यंत बोलायचं नाही आणि लिहूनही सांगायचं नाही. "पाटीवर लिहून बडबडायचं, ते मौन कसलं?" हाही सासूबाईंचाच दंडक.

त्या सकाळी राजारामभाऊ पांघरुणात होते, तेव्हाच दुर्गाची पूजा आटोपली. घरात नवी वस्तू आली की कुंकू लावल्याशिवाय ती वापरायची नाही, मग तो कुकर असो नाहीतर छत्री. सीडीचीही पूजा झाली. तिच्या एका अंगाला काहीतरी खरडलेलं होतं आणि दुसरं अंग देवीच्या आरशासारखं लखलखत होतं. तोंड कुठलं आणि पाठ कुठली, हे काय सांगायला हवं? दुर्गाने लखलखत्या अंगावर तुपात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, वर अक्षता चिकटवल्या, नमस्कार केला आणि सीडी जपून पाकिटात घातली.

राजारामभाऊंनी चष्मा कपाळावर ठेवूनच ती उचलली. खरडलेलं अंग वर करून संगणकात सरकवली आणि बटण दाबलं.

खुळ खुळ खुळ खुळ!

"ऐकलंस?" भाऊ खुशीत म्हणाले. "अक्षरांची जुळवाजुळव सुरू झाली!"

आवाज तान्ह्या बाळाच्या खुळखुळ्यासारखा येत होता. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी सरसरत वर गेल्या आणि थांबल्या.

"काय म्हणता तो?" शेजारच्या मंजुळाकाकी दारातून विचारत्या झाल्या.

"म्हणतोय, वाचता येत नाही."

"अगो बाय! येवढो मोठो डबो आणि वाचूक येणा नाय?"

भाऊंनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा खुळखुळ आणि पुन्हा तेच! त्यांनी संगणक बंद केला, चालू केला, वायरी उपसल्या, खोचल्या, पंख्यात फुंकर मारली. शेवटी गिरणीतला अडलेला माग चालू करावा तशी खोक्याला एक थापही मारली. जेवणाची वेळ टळली. भाताचं पार खिमट झालं.

दुपारी सीडीचा कप्पा एकदा पुढे आला, तेव्हा त्यातून काहीतरी टपकन दुर्गाच्या पायाशी पडलं. पिवळ्या तांदळाचा दाणा! ही तर सकाळचीच अक्षता! तिने हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" भाऊ ओरडले आणि त्यांनी कप्पा आत ढकलला. "नाजूक काम आहे!"

दुर्गाने कपाळावरच्या कुंकवाकडे बोट दाखवलं.

"डोक्या दुकता तिचा," मंजुळाकाकींनी निदान केलं आणि बाम आणायला धावल्या.

दुर्गाने जोरजोराने मान हलवली. देव्हाऱ्याकडे बोट केलं, मग संगणकाकडे, मग चिमटीने हवेत अक्षता टाकून दाखवल्या.

"कळलं, कळलं! लग्नाला जायचंय कुणाच्या तरी," भाऊ वैतागले. "अगं, इथे पोथी बुडतेय आणि तुला लग्नं सुचतात?"

तोवर काकींनी आणलेला बाम दुर्गाच्या कपाळावर चोळूनही झाला. त्याचं एक बोट डोळ्याच्या कडेला लागलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

ते पाहून राजारामभाऊंनी बटणावरचा हात मागे घेतला. त्यांना वाटलं, ही पोथीसाठी रडतेय. तसं थोडं होतंही.

काकी गेल्या. भाऊ उठून देव्हाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. आयुष्यात त्यांनी नवस केला नव्हता. "संपात घरटी नवस झाले, भोंगा वाजला का एकाही गिरणीचा?" असं ते सगळ्यांना विचारायचे. आता मात्र त्यांनी भिंतीकडे तोंड करून पुटपुटायला सुरुवात केली; मागे बसलेल्या दुर्गाला ते स्पष्ट ऐकू येत होतं.

"हे बघ, तुला मालक मानून नाही बोलत. पण आईची पोथी आज निघाली, तर उद्या मंगळवारी इथून तुझ्या प्रभादेवीच्या देवळापर्यंत अनवाणी येतो. कुणाला सांगू नकोस."

एवढं बोलून ते शामरावांना फोन करायला खाली वाण्याकडे गेले.

दुर्गाने एक क्षणही दवडला नाही. बटण दाबलं, सीडी काढली, वातींच्या कापसाने कुंकू आणि तूप अलगद टिपलं, कोरड्या कापसाने पुन्हा पुसलं. कप्प्यातले उरलेसुरले तांदूळ वेचले. मनात क्षमा मागून सीडी परत सारली आणि जागेवर येऊन बसली.

भाऊ खांदे पाडून परत आले. आता फक्त शेवटचं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

खुळखुळ नाही! नुसता मऊ घूं घूं आवाज. ओळी सरसरत गेल्या, गेल्या आणि जातच राहिल्या. थोड्या वेळाने पडद्यावर पान उघडलं. सुबक, टपोरी, वाटाण्याएवढी अक्षरं! पिठाच्या डब्यावर लक्ष्मी बसली होती.

"बघ! म्हटलं नव्हतं?" भाऊंना कंठ फुटला. "वायरी नीट खोचाव्या लागतात! शेवटी डोकं लागतं, डोकं!"

दुर्गाने देवापाशी दिवा लावला. मौन सुटलं. ओठांवर पुष्कळ काही आलं होतं.

"आधी दोन घास खाऊन घ्या," ती म्हणाली, "मग जा."

आठला थोडा अवकाश असताना पानं भरलेली भाऊंची फ्लॉपी शामरावांच्या हातात पडली. गुरुवारच्या पोथ्या पक्क्या झाल्या.

मंगळवारी उजाडता उजाडता भाऊंनी दाराची कडी हळूच काढली.

"दूध घेऊन येतो," ते कुजबुजले.

दुधाची पिशवी खुंटीवरच होती. चपला उंबऱ्याशी होत्या. दुर्गाला कापूस आठवला, कुंकू आठवलं. आता सांगून टाकावं का? आज तर मौनही नव्हतं.

"सावकाश या," ती एवढंच म्हणाली.

जिन्यावर अनवाणी पावलांचा आवाज लांब लांब गेला. दुर्गाने त्यांच्या चपला आत घेतल्या आणि पाय शेकायला पाणी तापत ठेवलं.