अर्ध्या श्वासाचा उशीर

तात्या गद्रे नारळ घेण्याआधी त्याची उलटतपासणी घेत. कानाशी धरून हलवत, टिचक्या मारत, शेंडी ओढत, आणि मग दुकानदाराकडे असं बघत की त्या बिचाऱ्याला आपणच नासके निघालो असं वाटे. तुपातली भेसळ ते तळहातावर चोळून ओळखत. "अस्सल काय नि नक्कल काय, आपल्याला लगेच कळतं," हे त्यांचं पालुपद. पनवेलात त्यांची पोह्यांची गिरणी होती आणि आमच्या दोघांच्या परसांना एकच कुंपण, त्यामुळे हे पालुपद मला सकाळ-संध्याकाळ फुकट ऐकायला मिळे.

स्वातंत्र्यानंतरच्या एका उन्हाळ्यात तळ्याजवळच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला. त्यात एका श्रीमंताच्या बायकोचा गुपचूप खून होतो, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी बाई तिचं नाव घेऊन बंगल्यात शिरते आणि नवऱ्याला पत्ताच लागत नाही. त्या बाईचे रेशमी झगे, ओले केस आणि ओठांतली सिगरेट बघायला गावातली सभ्य माणसं उपरण्यात तोंड लपवून जात. पहिल्या दिवशी तात्या म्हणाले, "संस्कृती बुडाली!" मग ती कुठवर बुडाली ते बघायला रोज जाऊ लागले. बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, मात्र नेलं नाही. ते म्हणे बायकांनी बघण्यासारखं नव्हतं.

काकूंना ऐकू कमी येतं, अशीही तात्यांची ठाम समजूत होती. एका हाकेला कधी ओ म्हणून द्यायच्या नाहीत. तात्यांनी त्यांच्या कानांत लसणीचं तेल ओतलं, वैद्याचे काढे पाजले. गंमत म्हणजे कुंपणाशी मी पुटपुटलेलंही काकूंना नीट ऐकू येई.

काकू तात्यांच्या दुसरेपणाच्या. पहिल्या सुमतीबाई बाळंतपणात गेल्या. दुसऱ्या लग्नात ताटातल्या तांदळात नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा तात्यांनी अंगठीने बिनदिक्कत 'सुमती' लिहिलं. "जिभेला वळण पडलंय, बदलायचं कशाला?" पहिलीवर त्यांचा फार जीव होता म्हणतात. असेलही. पण हे नाव म्हणजे तिचं जुनं लुगडं असल्यासारखं त्यांनी हिच्या अंगावर घातलं, एवढं खरं.

एका संध्याकाळी तात्यांच्या ओसरीवर मी आणि गिरणीत भात घेऊन आलेले नेरे गावचे नामा पाटील बसलो होतो. विषय अर्थात सिनेमा.

"तात्या, त्या नवऱ्याचं डोलं फुटलं व्हतं का?" पाटील म्हणाले. "रोज बाजूला निजते, नि वलखत नाय?"

"गाढव आहे तो!" तात्या मांडी थोपटत म्हणाले. "मी पहिल्याच हाकेला पकडली असती तिला. चेहरा चोरता येतो हो, पण परक्या नावाला ओ देताना माणसाला अर्धा श्वास उशीर होतोच. आता अस्सल बायको कशी असते, बघा. सुमती!"

आत शांतता.

"सुमती! अगं सुमती!"

बऱ्याच वेळाने काकू पदराला हात पुसत दारात आल्या. "मला हाक मारलीत का?"

"वैनींना आयकू नाय आला वाटतं," पाटील हसले.

तात्या हसले नाहीत. सिनेमातली बाई दुसरीचं नाव चोरून घरात शिरली होती. या घरात आल्या आल्या बाईचंच नाव चोरीला गेलं होतं, आणि चोर ओसरीवर चहाची वाट बघत बसला होता. त्या दिवशी तात्या सिनेमाला गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात राखुंडीने दात घासत होतो. पलीकडे काकू तुळशीला पाणी घालत होत्या. तात्या मागे उगाच खाकरत उभे.

"तुझं माहेरचं नाव काय होतं गं?"

तांब्याची धार थांबली. "आता कशाला?"

"सांग तर."

"यमुना. घरी यमू म्हणायचे."

इतक्या वर्षांत या माणसाला तेही ठाऊक नसावं! मला त्यांचा भयंकर राग आला. काकू आत गेल्या. तात्या बराच वेळ तुळशीपाशी घुटमळले, आणि मग नारळ पारखणाऱ्या त्या माणसाने अगदी भीत भीत हाक मारली, "यमू..."

"ओ!"

नाव पुरतं तोंडातून बाहेर पडण्याआधीच उत्तर आलं. तो आवाज काकूंचा म्हणून मी कधी ऐकलाच नव्हता.

काकू धावत दारात आल्या. "काय हवंय?"

"काही नाही," तात्या उपरण्याने डोळे पुसत म्हणाले. "नुसती हाक मारली."