इब्राहिमभाईंच्या कमरेचं हत्यार

इब्राहिमभाई ऑफिसात शिरले की आधी उजव्या कमरेला हात लावून बघत आणि मगच सलाम करत. मस्कतच्या उन्हाळ्यात आम्ही शर्टाची बटणं सोडून एसीखाली उभे, आणि हा गृहस्थ जाड सफारीची सगळी बटणं लावून बसलेला! कमरेपाशी सफारी चांगलीच फुगलेली. आमच्या अल् खुवैरच्या ऑफिसात कुणाला शंकाच नव्हती. तिथे पिस्तूल होतं.

भाई आमचे स्टोअरकीपर, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे. रानडुकरांसाठी त्यांच्या वडिलांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिचं कौतुक ते नातवंडाचं करावं तसं करत. "आमच्याकडे बंदूक ओटीवर टांगलेली. दार उघडं, माणसांचा राबता. कुलूप म्हणून आमच्या घराला ठाऊक नाय!" वर ठरलेलं वाक्य यायचंच, "हत्यार दिसलं की भांडण मिटतं, लपवलं की सुरू होतं."

"मग भाई, कमरेला काय आहे?"

"खलास! कामाला लागा."

मी पुण्याचा. बंदूक पाहिली ती बँकेच्या वॉचमनच्या खांद्यावर, आणि ती उडत असेल यावर माझा विश्वास नव्हता. पण आमचा ड्रायव्हर सलीम इथलाच, ओमानी, डोंगरातल्या गावचा. त्याच्या गावात लग्नाला पुरुष रायफली घेऊन नाचत. त्याचं आणि भाईंचं चांगलं जमायचं. "छुपा के कौन रखता? चोर रखता," असं सलीम म्हणायचा, आणि मग भाईंच्या कमरेकडे नजर गेली की बिचारा खिडकीबाहेर बघायचा.

मग मुंबईहून देशपांडे साहेब मॅनेजर म्हणून आले. दुसऱ्याच दिवशी पिस्तूल त्यांच्या कानावर गेलं.

"हे काय रान आहे? ऑफिस आहे हे!" साहेब घामाघूम झाले होते. "उद्या सकाळी सगळ्यांसमोर काढून दाखवा. नाहीतर तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही."

"पाठवा घरी, साहेब," भाई म्हणाले. "मी नाय दाखवणार."

आता तर आमची खात्रीच पटली. नोकरीवर पाणी सोडणाऱ्या माणसाच्या कमरेला दुसरं काय असणार?

सकाळी येऊन बघतो तर सलीम कॉफीच्या टेबलाशेजारी भिंतीत खिळा ठोकतोय.

"हमारा गाँव में मेहमान बंदूक खुद टाँगता," तो भाईंना म्हणाला. "कोई हाथ नहीं लगाता, कोई नहीं पूछता. बाद में कहवा पीता."

साहेब झेरॉक्स मशीनच्या मागे सरकून उभे होते. ही तडजोड त्यांना मान्य दिसली. भाई बराच वेळ खिळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बटणं सोडली, एक जुनी चामडी पिशवी काढली आणि अदबीनं टांगली.

गिलावा कच्चा निघाला. खिळ्यासकट पिशवी खाली आली, धाडकन आवाज झाला आणि साहेब मशीनमागे दिसेनासे झाले. फरशीवर पडली होती एक वीतभर लांबीची लोखंडी किल्ली.

आम्ही पोट धरधरून हसलो. सलीम मात्र हसला नाही.

"घर में कोई नहीं, भाई?" त्यानं हळूच विचारलं.

आमचं हसू तिथेच थांबलं. घरात माणूस असतं, तर किल्ली समुद्रापार आली नसती.

"बायको गेली. मुलगी सासरी सुखात आहे," भाई किल्ली पुसत म्हणाले. "इलेक्शनला बंदूक पोलीस स्टेशनात जमा केली, ती परत आणायलाही कोण उरलं नाय. तुम्ही पिस्तूल समजत होतात, मला बरंच होतं. किल्ली दिसली असती तर विचारलं असतंत ना, घरी कोण कोण असतं म्हणून."

देशपांडे साहेबांनी त्याच दिवशी कॉन्ट्रॅक्टवर सही केली. भला माणूस, फक्त घाबरट.

ईदला सलीम भाईंना आणि मला आपल्या गावी घेऊन गेला. बैठकीच्या भिंतीवर त्याच्या वडिलांची रायफल, शेजारी एक रिकामी खुंटी. भाईंनी न सांगता पिशवी तिथे टांगली. दिवसभर पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत होती, आणि भाई त्यांना रानडुकराची गोष्ट सांगत होते, मराठीत! पोरांना ती कळली कशी कोण जाणे, पण ती ओरडत होती बरोबर जागी.

संध्याकाळी परतताना घाट उतरल्यावर भाईंचा हात सवयीनं कमरेला गेला. तिथे काही नव्हतं.

सलीमनं ब्रेक दाबला. "वापस चलूँ?"

भाईंनी एकदा मागे वळून डोंगराकडे पाहिलं आणि सफारीची बटणं सोडली.

"राहू दे तिथंच," ते म्हणाले. "त्या घरात माणसं आहेत."