उजवीकडे झुकणारी गाडी

गाडीची मागची उजवी स्प्रिंग बदलायचीच, असं व्हर्नर टॉलेफसनने एका मंगळवारी सकाळी ठरवलं, तेव्हा त्याच्या मनात गाडीचा विचार सगळ्यात शेवटी होता. त्याला बायको परत हवी होती, आणि तीही पुढच्या सीटवर.

बायको तशी कुठे पळून गेली नव्हती. आर्डिस दर हिवाळ्यात ॲरिझोनाला बहिणीकडे जायची, गुडघ्यांना ऊन मिळावं म्हणून, आणि मार्चअखेर मिनेसोटाला परतायची. यंदा अर्धा एप्रिल सरला, तळ्यावरचा बर्फ वितळायच्या बेतात काळा पडला, तरी ती फोनवर "बघू" म्हणत होती. चाळीस वर्षांच्या संसारानंतर या "बघू"चा अर्थ व्हर्नरला बरोबर कळत होता. रोज सकाळी तो सवयीने दोन कप कॉफी करायचा आणि दोन्ही स्वतःच प्यायचा (दुसरा गार झालेला असायचा, पण टाकवत नव्हता).

आता सीटची भानगड (अमेरिकेत चालक डावीकडे बसतो आणि त्याच्या शेजारचा उजवीकडे). आठ वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणाला चर्चमधली सोळा माणसं घरी आली होती. कोणीतरी खिडकीतून बाहेर बघत म्हणालं, "व्हर्नर, तुझी गाडी उजवीकडे झुकलीय की." व्हर्नरने जन्मात कधी विनोद केला नव्हता. त्याने तो नेमका त्या दिवशी केला.

"ती आर्डिसची बाजू आहे," तो म्हणाला.

सोळा माणसं पोट धरून हसली. आर्डिसही हसली. तिने सगळ्यांना पुन्हा बटाटे वाढले, आणि दुसऱ्या दिवसापासून ती गाडीत मागे बसू लागली. मागे म्हणजे डावीकडे, बरोबर व्हर्नरच्या पाठीशी.

तेव्हापासून तो बायकोला टॅक्सीवाल्यासारखा फिरवत होता. पूर्वी ती शेजारी बसून संत्रं सोलायची आणि एकेक फोड त्याच्या हातावर ठेवायची. वळण चुकलं की गुडघ्यावर चापट मारायची. मागून कशी मारणार? आता रस्ता चुकला तर ती शांतपणे चुकू द्यायची. व्हर्नरने मुद्दाम दोन-चार वळणं चुकूनही पाहिली, आणि एकदा तर दोघं शेजारच्या राज्यात जाऊन पोचली. आरशात तिची टोपीसुद्धा हलली नाही.

माफी मागावी हे त्याला सुचलं नव्हतं असं नाही. पण टॉलेफसनांच्या घराण्यात पुरुष माफी मागत नाहीत, काहीतरी दुरुस्त करतात. त्याच्या वडिलांनी तर लग्नाचा वाढदिवस विसरल्याबद्दल अख्खं छप्पर नवीन घातलं होतं.

गाडी अठ्ठावीस वर्षांची, हिरवी स्टेशन वॅगन. तिची नवी स्प्रिंग आता कुठे मिळत नव्हती. म्हणून बुधवारी व्हर्नर हत्यारांची पेटी घेऊन गावाबाहेर लोरेटा किव्हीच्या जुन्या गाड्यांच्या भंगारात गेला. लोरेटा फाटकाजवळच्या टपरीत शेगडीपाशी पाय शेकत बसली होती.

"काय हवंय?"

"मागची स्प्रिंग. उजवी."

"स्प्रिंगा जोडीने बदला. एकच बदललीत तर गाडी दुसरीकडे कलेल."

"मला एकच हवी. डावी बाजू ठीक आहे."

"डावीकडे कोण बसतं?"

"मी."

लोरेटाने चष्मा कपाळावर चढवला. "तीस वर्षं या खुर्चीत बसलेय. एकाही नवऱ्याची बाजू बिघडल्याचं अजून ऐकलं नाही. तिसऱ्या रांगेत जा, तुमच्यासारखीच हिरवी उभी आहे. इथे ज्याला जो भाग हवा त्याने तो स्वतः काढायचा. चारला फाटक बंद."

तिसऱ्या रांगेत वितळलेल्या बर्फाचा घोटाभर चिखल होता. गाडी लोखंडी रिंगांवर उभी होती आणि तिच्या बोल्टांना अठ्ठावीस हिवाळ्यांचा गंज चढला होता. व्हर्नरने पाठीवर झोपून पाना लावला. तासाभराने बोल्ट हलला, असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात तोच चिखलातून वीतभर पुढे सरकला होता.

दुपारी सँडविच खायला तो गाडीत शिरला. चालकाची सीट आधीच कोणीतरी काढून नेली होती, म्हणून नाइलाजाने शेजारच्या सीटवर बसला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की अठ्ठावीस वर्षांत आपण या बाजूला एकदाही बसलो नाही.

इथून अर्धा रस्ता दिसत होता आणि अर्धा नवरा दिसला असता. आर्डिसने वीस वर्षं हे बघितलं होतं: त्याचा कान, त्याचं कोपर, त्याचं ते पुढच्या गाड्यांवर पुटपुटणं. एवढं बघूनही ती संत्रं सोलत राहिली होती. व्हर्नरला तिची इतकी आठवण आली, की त्याने अर्धं सँडविच परत कागदात गुंडाळलं. त्याने रिकाम्या जागेकडे बघून, कोणी ऐकत नाही याची खात्री करून, "आर्डिस" असं एकदा म्हणून घेतलं. मग पुन्हा चिखलात उतरला आणि चार वाजायला पाच मिनिटं असताना स्प्रिंग घेऊन बाहेर आला.

गुरुवारी शेजारच्या एइनोने ती बसवून दिली. एइनोने खाणीत ट्रक दुरुस्त करण्यात हयात घालवली होती. त्याने मागच्या बंपरवर सपाटी तपासायची लेव्हल ठेवली आणि बुडबुडा मधोमध थांबला.

व्हर्नरने हातसुद्धा न धुता फोन लावला. "आर्डिस, गाडी सरळ झाली. दोष स्प्रिंगचा होता. तुझा नव्हता."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"अस्सं," आर्डिस म्हणाली. "बरं. शनिवारचं विमान बघते."

शुक्रवारी व्हर्नर शीळ घालत गाडी धुवायला लागला. मागे उजव्या कडेला झाकण असलेला एक कप्पा होता. तिच्या सामानाला जागा हवी म्हणून त्याने झाकण उचललं. घोंगडीखाली वाळूची दोन पोती होती, साठ-साठ पौंडांची.

त्या भागात प्रत्येक जण नोव्हेंबरात गाडीत वाळू टाकतो, बर्फावर मागची चाकं घसरू नयेत म्हणून, आणि वसंतात काढतो. व्हर्नरने टाकली होती. काढायची तेवढी राहिली होती. पोत्यावरच्या चिठ्ठीवर दुकानाची तारीख होती, आठ वर्षांपूर्वीची.

एइनोने बोटांवर हिशेब केला. "नोव्हेंबरात वाळू. डिसेंबरात विनोद."

दोघांनी पोती खाली उतरवली. गाडी हळूच डावीकडे कलली. एइनोने पुन्हा लेव्हल ठेवली आणि विचारलं, "आता ही कोणाची बाजू?"

व्हर्नरने पोती परत आत ठेवली. गाडी सरळ. काढली, वाकडी. पुन्हा ठेवली. वाळू आत राहिली असती तर आर्डिस पुढे बसली असती आणि दोष जन्मभर स्प्रिंगचा राहिला असता. एइनो कॉफी पीत हे बघत होता. तिसऱ्या खेपेला व्हर्नरची कंबर धरली. मग त्याने चाकू आणला, दोन्ही पोती फाडली आणि वाळू अंगणातल्या वाटेवर ओतून टाकली, म्हणजे पुन्हा मोह नको.

शनिवारी डुलुथच्या विमानतळाबाहेर तो गाडीतच बसून होता (पोलीस तिथे फार वेळ उभं राहू देत नाहीत). त्याच्या वजनाने गाडी आणखीच कलली होती. आर्डिस बाहेर आली, उन्हाने तांबूस झालेली, हातात संत्र्यांची पिशवी. गाडी दिसताच ती थांबली आणि गाडीइतकीच मान वाकडी करून बघत राहिली.

व्हर्नर धडपडत उतरला. शंभर मैल पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. "आर्डिस, स्प्रिंग नव्हती. म्हणजे होती, पण मुळात..."

"वाळू काढलीस वाटतं," आर्डिस म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"पोती तू एकट्याने चढवली होतीस का? दुसरं टोक कोणी धरलं होतं?"

व्हर्नरला आता ते लख्ख आठवलं, तिचे लाल हातमोजेसुद्धा. "मग आठ वर्षं मागे का बसलीस?"

"तुझ्या पाठीमागे बसले होते, तुझ्याच बाजूला. तरी गाडी उजवीकडेच झुकत होती. म्हटलं, आज याच्या लक्षात येईल, उद्या येईल." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "यंदा कंटाळले, व्हर्नर."

व्हर्नरने आजूबाजूला बघितलं. दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.

"चुकलो मी," तो म्हणाला.

आर्डिसने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग पुढचं दार उघडलं आणि बसली. तो दुसऱ्या बाजूने चढला. गाडी जराशी हलली आणि सरळ झाली.

पहिल्याच चौकात वळण चुकलं, या वेळी खरोखरच, आणि गुडघ्यावर सणसणीत चापट बसली. व्हर्नरला समोरचा सिग्नल थोडा वेळ धूसर दिसला. मग हातावर संत्र्याची फोड आली.

"काळजी करू नकोस," आर्डिस म्हणाली. "गाडी तुझ्या बाजूला झुकते, हे मी कोणाला सांगणार नाही."

रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला सोळा माणसांनी, एकेक करून बाजूला घेऊन, व्हर्नरला केकचा दुसरा तुकडा न घेण्याबद्दल प्रेमाने समजावलं.